बेटावरची शेती, सातबारा आणि अनुदान : तुमचे प्रश्न

खाडीतल्या जुव्यांवरून, बेटांवरून येणाऱ्या मेसेजमध्ये गोंधळ दर वेळी तोच असतो. योजना माहीत असते, पण आपला उतारा त्यात बसतो की नाही ते कोणी बघितलेलं नसतं. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतोय.

प्रश्न : नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. पीएम किसान दोघांना मिळेल का?

नाही. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब धरतात, वर्षाचे ६,००० रुपये त्या कुटुंबाला, तीन हप्त्यांत.

प्रश्न : २०२१ मध्ये शेजारच्या बेटावर जमीन विकत घेतली, सातबारा माझ्या नावावर आहे, तरी पीएम किसानचा फॉर्म रिजेक्ट झाला.

कारण योजनेसाठी जमिनीच्या नोंदीची तारीख १ फेब्रुवारी २०१९ आहे. त्यानंतर विकत घेतलेली जमीन धरत नाहीत, मात्र खातेदार वारला म्हणून वारसांच्या नावावर आलेली धरतात. तुमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीचा दुसरा उतारा असेल तर तो घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. एजंटला पैसे देऊन तारीख बदलत नाही, कोणी तसं म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवतोय.

प्रश्न : डीलर म्हणतो पॉवर टिलर आत्ताच घेऊन जा, होडी पण लावून देतो, अनुदान मागाहून मिळवून देतो. घेऊ का?

नको. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी, हा क्रम आहे. आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान गेलं. आणि "बिल पुढच्या तारखेचं करून देतो" म्हणणाऱ्या दुकानात तर पाऊल टाकू नका, तपासणीला सापडलं की अडकणार शेतकरी, डीलर नाही.

प्रश्न : सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. आम्ही चुलत भावंडं मिळून बरेच जण, अर्धे मुंबईला. कसतो मी एकटा. आंबा-काजू लावायचाय, अनुदान मिळेल का? एक जण म्हणाला बहिणींची नावं न लावता वारसनोंद करून देतो.

या प्रश्नावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण बेटावरच्या दहातल्या आठ अडचणी इथेच येऊन थांबतात. उतारा उघडला की वर क्षेत्र बत्तीस गुंठे, खाली नावांची रांग, शेवटी "सामाईक क्षेत्र", आणि त्या रांगेतली निम्मी माणसं कधीच गेलेली. सरकार कसणारा कोण ते बघत नाही, उताऱ्यावर नाव कोणाचं ते बघतं. आजोबांच्या नावावर ना पीएम किसान मिळत, ना राज्याचा नमो शेतकरीचा हप्ता, ना फार्मर आयडी निघत, आणि आता कृषी योजनांचा अर्ज त्या आयडीशिवाय पुढे सरकतच नाही.

तेव्हा आधी वारसनोंद. कायद्याने ती खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांत कळवायची असते, तुमच्याकडे तीस वर्षं झाली असतील तरी आज करता येते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करा, महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून ऑनलाइनही होतो. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. मधे वडील पण वारले असतील तर त्यांचीही नोंद लागेल, एक पिढी गाळून चालत नाही. २०२५ मध्ये "जिवंत सातबारा" मोहीम खास याच कामासाठी निघाली, तेव्हाही किती जणांनी "बघू गणपतीनंतर" म्हणून सोडून दिलं! गणपतीलाच तर सगळे चाकरमानी घरी असतात, सह्या तेव्हाच घ्यायच्या असतात.

आणि बहिणींची नावं वगळायचा सल्ला देणाऱ्याला उंबरठ्याबाहेर ठेवा. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. खोट्या प्रतिज्ञापत्रावर केलेली नोंद पुढे प्रांताकडे अपिलात पडते, मग तुमची बागही अडकते आणि घरातलं बोलणंही बंद होतं. बहिणीला हिस्सा नको असेल तर ती स्वखुशीने हक्कसोडपत्र नोंदवेल, तोंडी सोडलेला हक्क म्हणजे काहीच नाही.

नावं लागली की फळबागेचं बघा. भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणात दहा गुंठ्यांपासून दहा हेक्टरपर्यंत लागवड बसते, म्हणजे तुमचं क्षेत्र लहान म्हणून घाबरू नका. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असं येतं आणि पहिल्या वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली दाखवावी लागतात, तेव्हा उन्हाळ्यात बेटावर गोडं पाणी कुठून आणणार ते खड्डे काढायच्या आधी ठरवा. कायमचा निकाल हवा असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज आहे, पण त्याआधी तुमचे सगळे उतारे जाणकार वकिलाला दाखवा, मी इथून बघू शकत नाही.

प्रश्न : खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड गेली म्हणजे तो फुटला, कित्येक वर्षं भात नाही, शेतात तिवरं (कांदळवन) वाढलीत. सातबारा आमचाच आहे. तोडून पुन्हा लागवड केली तर अनुदान मिळेल?

कोयता खाली ठेवा. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे खाजगी जमिनीवरच्या तिवरांनाही हात लावता येत नाही, गुन्हा दाखल होतो. तुमचं नुकसान खरं आहे, खांड वेळेत बांधली असती तर ही पाळीच आली नसती, याचा मलाही संताप येतो. पण रस्ता कागदाचाच आहे. बांध खारभूमी विभागाच्या योजनेतला आहे की खाजगी ते आधी लेखी विचारा, पोच घ्या, आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून जमीन कशी नोंदवली आहे ते तपासा. ज्या वाफ्यांत अजून तिवरं नाहीत तिथे बांध दुरुस्त झाल्यावर पनवेल ३ सारखं क्षार सोसणारं भात घेता येतं, बियाण्याबद्दल पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात विचारा.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर पीएम किसानची फाइल आली आहे, इन्स्टॉल केली की हप्ता चालू होतो म्हणे.

डिलीट करा. इन्स्टॉल केली असेल तर आजच बँकेला कळवून खातं सुरक्षित करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. केवायसी करायची ती सरकारी पोर्टलवर किंवा सीएससी केंद्रात.