घरपट्टी वाढणार का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: आमच्या महापालिकेत बजेटचे दिवस आले की दरवर्षी तेच ऐकू येतं, सरकारकडून पैसे कमी येणार, घरपट्टी वाढवावी लागेल. आम्ही घरपट्टी वेळेवर भरतो, दुकानात जीएसटी पण भरतो, मग पालिकेला सरकारकडे हात का पसरावा लागतो?
– एक गृहिणी, सोलापूर

उत्तर: ताई, याचं मूळ जकातीत आहे. आधी शहराच्या वेशीवर नाका असायचा, ट्रक आला की पावती फाटायची आणि पैसा रोजच्या रोज पालिकेच्या तिजोरीत जायचा. मग 2010 पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आली, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, 1 ऑगस्ट 2015 ला 50 कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांची एलबीटी माफ झाली, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तशी उरलेली पण गेली, मुंबईची जकातसुद्धा गेली. त्याबदल्यात राज्याने कायदा केला की 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं, दरवर्षी 8 टक्के वाढवायचं आणि तेवढी भरपाई पालिकांना द्यायची. म्हणजे तुम्ही दुकानात भरलेल्या जीएसटीतून पालिकेच्या हातात थेट काहीच पडत नाही, जे येतं ते मुंबईच्या मंत्रालयातून फिरून येतं.

आता कपातीचं. राज्यांना केंद्राकडून मिळणारी जीएसटी भरपाई जून 2022 ला संपली, तरी पालिकांची भरपाई राज्याच्याच कायद्याने बांधलेली आहे, ती कमी करायची तर कायदाच बदलावा लागेल. खरी भीती बाकीच्या पैशांची आहे, रस्ते, गटारं, नगरोत्थानसारख्या शहरातल्या सोयींसाठीच्या राज्याच्या योजना, हे पैसे शासन निर्णयावर येतात, ते लांबले की काम अर्धवट राहतं, आणि वर पालिकेला स्वतःचा हिस्सा पण घालावा लागतो. पगार आणि पेन्शन तर थांबवता येत नाही, मग कात्री लागते दिवाबत्तीला, खड्ड्यांना, नाहीतर पालिकेच्या शाळेला, आणि ज्यांना खाजगी शाळा परवडत नाही त्यांनाच ते आधी भोगावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: मग घरपट्टी वाढवणं बरोबर आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: सर, दर वाढवायच्या आधी वसुली दाखवा असं माझं स्पष्ट मत आहे. जकात गेल्यावर पालिकेच्या स्वतःच्या हातात घरपट्टीएवढं मोठं साधन फारसं उरलेलं नाही, केंद्राचा पैसा कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या 15 व्या वित्त आयोगानेही शहरांना अनुदान देताना अट घातली होती की राज्याने घरपट्टीचे किमान दर ठरवावेत आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या बरोबरीने वाढली पाहिजे. पण कितीतरी इमारतींची नोंदच नसते, वाढीव मजल्यांची आकारणीच झालेली नसते, मोठ्या थकबाकीदारांकडे दर महिन्याला 2 टक्के शास्ती म्हणजे दंड चढत जातो आणि मग अभय योजना येऊन तीच शास्ती माफ होते. जो माणूस एप्रिल-मेमध्येच रांगेत उभा राहून बिल भरतो त्याच्यावर दरवाढ टाकणं हा सरळ अन्याय आहे.

म्हणून बजेटचं पुस्तक मागा, जमा बाजूला मालमत्ता करासमोर, म्हणजे घरपट्टीसमोर, अंदाज किती धरला होता आणि प्रत्यक्ष आले किती ते बघा, दोन्हीत मोठी तफावत असेल तर तिथेच बोट ठेवा. पुढच्या वर्षाचे दर महापालिकेला 20 फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, त्यामुळे नगरसेवकाला जानेवारीतच गाठा, मार्चमध्ये जाऊन काही हाती लागत नाही.

प्रश्न: बिलात शिक्षण कर लिहिलेला असतो, तो आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या शाळेला मिळतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो. राज्य शिक्षण कर 1962 च्या कायद्याने लावलेला आहे, पालिका तो फक्त गोळा करते आणि सरकारकडे जमा करते. दुकान-ऑफिसच्या बिलात रोजगार हमी कर असतो त्याचंही तसंच. त्यामुळे दरवाढीची चर्चा निघाली की बिलाची एकूण रक्कम धरू नका, त्यातून हे दोन कर वजा करा, उरलेलाच पैसा तुमच्या पालिकेचा आहे आणि हिशेब त्याचा मागायचा.