साक्षरता वर्गाला फी ठेवावी का?

सुरुवातीला फी ठेवूच नका. येणाऱ्याचा खर्च आधीच सुरू झालेला असतो: बुडणारी मजुरी, प्रवास, घरी मुलांना कोण सांभाळणार याची तजवीज. त्यात दारातच पैसे मागितले की "घरी विचारून सांगते" म्हणून गेलेली बाई बहुधा परत येत नाही. फुकटाची किंमत नसते, असं बरेच जण ऐकवतील. मला ते पटत नाही. स्वतःची सही जमली, बसवरची पाटी वाचता आली, की माणसं टिकतात.

नव्याने वर्ग चालवणारे हमखास चुकतात ते इथे:

- पहिल्याच दिवशी फॉर्म पुढे करणं. तोंडी विचारा, तुम्ही लिहा.
- फीमाफीसाठी सगळ्यांसमोर गरिबी सिद्ध करायला लावणं.

वह्या-पेन्सिलींचा खर्च देणगीतून काढा. वर्गाची वेळ मात्र शिकायला येणाऱ्यांनाच विचारून ठरवा. बाकी हिशेबाचं पुढे बघू.