अनेक वंशांच्या देशात राजकीय विश्वास कसा तयार होतो?

मॉरिशसचं उदाहरण घ्या. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. १९६८च्या सुरुवातीला, स्वातंत्र्याच्या तोंडावर, राजधानी पोर्ट लुईत दंगली झाल्या. तरीही १९६९मध्ये पंतप्रधान रामगुलाम यांनी त्याच पक्षाला सरकारात घेतलं. त्याचे नेते गाएताँ द्युवाल चक्क परराष्ट्रमंत्री झाले! माझ्या मते खरा विश्वास इथे बसला. अर्थात किंमतही मोजली: पुढची निवडणूक थेट १९७६ला.

शिवाय तिथल्या संसदेत ६२ निवडून आलेल्या जागांखेरीज ८पर्यंत जागा हरलेल्या उमेदवारांतून भरतात, म्हणजे कमी प्रतिनिधित्व मिळालेला समाज अगदीच वाऱ्यावर राहत नाही. गंमत म्हणजे हा हिशेब १९७२च्या जनगणनेवर चालतो, आणि तिथले मराठी लोक त्यात ‘हिंदू’ गटात धरले जातात.