पाच फूट पाच इंचांचा रॉब बरो

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्या कबड्डी संघात नववीतला एक मुलगा आहे. चढाईला तो अतिशय चपळ आहे, पण अंगाने लहानखुरा. त्याचे वडील मच्छीमारी बोटीवर असतात आणि ‘या उंचीला कोण विचारणार, खेळ बंद कर’ असे त्याला सांगतात. मध्यंतरी मोबाईलवर एक छायाचित्र पाहिले. एक धावपटू एका आजारी माणसाला दोन्ही हातांवर उचलून शर्यतीची अंतिम रेषा ओलांडत आहे. तो आजारी माणूस रग्बी लीगमधला सर्वांत लहान चणीचा खेळाडू होता, असे खाली लिहिले होते. हे खरे आहे काय? मुलाला आणि त्याच्या वडिलांना यातले काय सांगावे?

उत्तर : सर, छायाचित्र खरे आहे आणि त्याखालची ओळही खरी आहे. तो माणूस म्हणजे रॉब बरो. १४ मे २०२३ रोजी इंग्लंडमधील लीड्स शहरात त्याच्याच नावाची पहिली मॅरेथॉन झाली. केविन सिनफील्ड हा त्याचा जुना कर्णधार सबंध अंतर त्याची खुर्ची ढकलत धावला, हेडिंग्ली मैदानावरील अंतिम रेषेच्या अलीकडे थांबला आणि मित्राला उचलून घेऊन पलीकडे गेला. तरीही मुलाला सांगताना या छायाचित्रापासून सुरुवात करू नये, असे मला मनापासून वाटते. बरोचे आजारपण जगाला ठाऊक आहे. आपल्या विद्यार्थ्याला त्याची पहिली ओळख खेळाडू म्हणून व्हावी.

बरोचा जन्म २६ सप्टेंबर १९८२ रोजी यॉर्कशायरमधील पॉन्टेफ्रॅक्ट येथे झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख, आणि रग्बी लीग हा खेळच खाणीत व कापडगिरण्यांत राबणाऱ्यांचा. शनिवारी सामना खेळायचा तर रोजंदारी बुडते, तेव्हा तिची भरपाई खेळाडूंना मिळावी, अशी उत्तर इंग्लंडच्या क्लबांची मागणी होती. रग्बीच्या तेव्हाच्या संघटनेला ती मान्य होईना, म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात हे क्लब एकत्र आले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली, तीच पुढे रग्बी लीग झाली. आपल्या विद्यार्थ्याच्या वडिलांना हा भाग सांगाच. गिरणगावात पाळी संपवून मंडळाच्या मैदानावर कबड्डी खेळणारे चाकरमानी कोकणातल्या बहुतेक वाड्यांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे बुडालेल्या रोजंदारीचे दुःख त्यांना वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

खेळ थोडक्यात असा. संघात तेरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की चार गुण मिळतात. वाटेत पकड झाली तर खेळाडूने उठायचे, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागच्या साथीदाराकडे सरकवायचा आणि पुन्हा चाल करायची. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. कबड्डीच्या माणसाला यातली पकड ताबडतोब कळते. फरक इतकाच की येथे समोरून धावत येणारा गडी शंभर किलोंचा असतो.

त्या गड्यांमध्ये बरोची उंची पाच फूट पाच इंच आणि वजन सुमारे ६७ किलो होते. ‘हा फार लहान आहे’ हे त्याने लहानपणापासून वारंवार ऐकले. २००१ मध्ये तो लीड्स ऱ्हायनोज या क्लबकडून मोठ्या गटात उतरला आणि २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे गेला नाही. या काळात तो ४९२ सामने खेळला आणि इंग्लंडमधील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा असलेल्या सुपर लीगचे विजेतेपद त्याने संघासोबत आठ वेळा मिळवले.

८ ऑक्टोबर २०११ चा, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील, सेंट हेलेन्स या क्लबविरुद्धचा सुपर लीगचा अंतिम सामना मुलाला अवश्य दाखवावा. बरो राखीव खेळाडू म्हणून मैदानात आला होता. मध्यंतरापूर्वी चेंडू हातात येताच तो थेट बचावफळीच्या अंगावर धावला, पकडायला आलेल्या हाताखालून डोके वाकवून निसटला आणि सुमारे पन्नास मीटर पळत, शेवटच्या रक्षकाला एका पावलात चकवून रेषेपार गेला. लीड्सने तो सामना ३२-१६ असा जिंकला आणि सामनावीर म्हणून सर्वच्या सर्व मते बरोला पडली. मुलाला सांगा, चेंडूकडे पाहू नकोस, त्याचे गुडघे किती वाकलेले आहेत ते पाहा. हर्णैजवळच्या एका गावात, रात्रीच्या सामन्यात, मी असाच एक लहानखुरा चढाईपटू पाहिला होता. कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला होता, साखळी मिटत आली होती, आणि हा दोघांच्या जोडलेल्या हातांखालून, लाल मातीला जवळजवळ छाती लावून, मध्यरेषेला बोटे टेकवून मोकळा झाला. उंच माणसाला इतके खाली जायला जो वेळ लागतो, तेवढ्यात त्याची चढाई पूर्ण झाली होती.

मात्र उंचीने काही फरक पडत नाही, असे त्या मुलाला सांगू नये, कारण ते खरे नाही. बरोला मोठ्या देहांचे धक्के सतरा हंगाम सोसावे लागले. पुढच्या काळात त्याची जागाही बदलली आणि अनेक सामन्यांत त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावरून सुरुवात करावी लागली. ती त्याने पत्करली आणि दमलेल्या बचावफळीवर ताज्या पायांनी चाल करण्याचे काम शिकून घेतले. वडिलांना पटेल ते हेच. मुलाने खेळावे, अंगात ताकद कमवावी, आणि शाळा सोडू नये.

प्रश्न : माझे दोन्ही मुलगे कबड्डी खेळतात. रॉब बरोला झालेला आजार खेळातल्या माराने झाला, असे ऐकल्यापासून झोप लागत नाही. हा आजार नेमका कोणता? (एक वाचक भगिनी, देवगड)

उत्तर : ताई, बरोला मोटर न्यूरॉन आजार झाला होता. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला डॉक्टर एएलएस म्हणतात. मेंदूकडून स्नायूंना हालचालीचा निरोप पोहोचवणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरतात. मग हातपाय गळतात, बोलणे अस्पष्ट होते, गिळता येत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू थकतात. रिल्युझोलसारख्या औषधाने त्याचा वेग थोडा कमी होतो, पण आजार बरा करणारे औषध अद्याप नाही. बरोला निदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, निवृत्तीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, वयाच्या ३७ व्या वर्षी. घरी पत्नी, दोन मुली आणि एक लहान मुलगा होता. वाचा गेल्यावर तो डोळ्यांच्या हालचालीने चालणाऱ्या संगणकातून बोलत असे, आणि २०२२ मध्ये त्याच मार्गाने त्याने दूरचित्रवाणीवर लहान मुलांना झोपतानाची गोष्ट वाचून दाखवली. २ जून २०२४ रोजी तो गेला.

तो मारामुळेच आजारी पडला, असे कोणाही डॉक्टरला खात्रीने सांगता येणार नाही. स्कॉटलंडच्या माजी आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंच्या ग्लासगो विद्यापीठातील अभ्यासात या आजाराचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा जास्त आढळले, हे खरे आहे. पण त्यातील रुग्णांची संख्या अगदी थोडी होती आणि तो रग्बीच्या दुसऱ्या, पंधरा जणांच्या प्रकाराविषयी होता. कबड्डीला त्यावरून बोल लावता येत नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच की पकडीत डोक्याला डोके आपटून मुलगा गोंधळला, त्याला मळमळले किंवा गुण किती झाले हे त्याला आठवेना, तर सामना अंतिम असला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. पंचांना आणि मंडळाच्या मुलांना हे स्पर्धेपूर्वीच सांगून ठेवलेले बरे. ऐन सामन्यात आईचे कोणी ऐकत नाही.

प्रश्न : सिनफील्डने मित्रासाठी पैसेही उभे केले म्हणतात. त्याचे पुढे काय झाले? बरोच्या नावाने काही स्मारक आहे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : डिसेंबर २०२० मध्ये सिनफील्ड सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. बरोच्या जर्सीवरचा आकडा ७, म्हणून उद्दिष्ट ७७,७७७ पौंडांचे ठेवले होते. प्रत्यक्षात २० लाखांहून अधिक जमले. पुढच्या वर्षी तो लेस्टरहून लीड्सपर्यंतचे १०१ मैल एका दिवसात धावला. लीड्समध्ये या आजाराच्या रुग्णांसाठी बरोच्या नावाचे उपचार केंद्र उभारायचे ठरले, आणि त्याच्या बांधकामाची पहिली कुदळ ३ जून २०२४ रोजी, म्हणजे तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच्या कुटुंबीयांच्या साक्षीने पडली. सुपर लीगच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार बरोने २००७ आणि २०११ मध्ये पटकावला होता. तो सन्मान २०२४ पासून त्याच्याच नावाने दिला जातो.