छातीचा एक्स-रे काढला आणि चार दिवसांनी कळलं दिवस गेलेत

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. तीन आठवडे खोकला जात नव्हता म्हणून छातीचा एक्स-रे काढला, पाळी दोन दिवस पुढे गेली होती पण ते नेहमीचंच म्हणून मी काही बोलले नाही. चार दिवसांनी किटवर दोन रेघा आल्या. पोटावर किरण अडवणारा शिशाचा अ‍ॅप्रनही नव्हता. आता सातवा आठवडा चालू आहे आणि सासूबाई म्हणतात रिस्क नको, मोकळी हो. रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे या एक्स-रेसाठी गर्भपात अजिबात करायचा नाही. सासूबाईंनाही हे वाचून दाखव, त्या काळजीपोटीच बोलतायत.

एक्स-रे काढताना पाठीवर उजेडाचा चौकोन पडतो ना, किरण तेवढ्याच भागात सोडलेले असतात. गर्भापर्यंत पोचतं ते शरीराच्या आतून विखुरलेलं थोडंसं, त्यामुळे अ‍ॅप्रन असता तरी फारसा फरक पडला नसता. हा डोस फार तर 0.01 मिलिग्रे (मिलिग्रे म्हणजे शरीरात किती किरण शोषले गेले त्याचं माप). नऊ महिन्यांत माती, हवा, अन्न यातूनच बाळाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतो, आणि जन्मजात व्यंगाचा धोका 50 मिलिग्रेच्या खाली वाढल्याचं दिसलेलं नाही. म्हणजे तुझ्यासारखे पाच हजार एक्स-रे!

ही भीती आली कुठून तर 1956 साली इंग्लंडमध्ये डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांमध्ये कॅन्सर जास्त दिसतो. ते खरंच होतं, पण तेव्हा थेट पोटावर एक्स-रे काढायचे आणि डोसही भरपूर असायचा. आजही पोटाचा, कमरेचा सीटी स्कॅन म्हटलं की आम्ही दहादा विचार करतो, शक्य तिथे सोनोग्राफीवर भागवतो. छातीचं, दाताचं तसं नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते, तू अख्ख्या पत्रात रिपोर्टमध्ये काय आलं ते लिहिलंच नाहीस! दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबी आहे का ते बघायलाच हवं, उपचार न केलेला टीबी बाळाला त्या एक्स-रेपेक्षा कितीतरी घातक. थुंकी तपासली नसेल तर उद्याच सरकारी दवाखान्यात जा, तिथे फुकट होते. फिल्म आणि रिपोर्ट घेऊन बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जा, फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर सुरू कर, आणि पुढे कुठेही एक्स-रे काढायची वेळ आली तर आत जायच्या आधीच सांग की मी गरोदर आहे.