नको असलेला विचार आला म्हणजे

गोव्यातील दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत कठड्यापाशी उभे असताना कडेवरच्या लेकराला आपण पाण्यात टाकू की काय, असा विचार येतो आणि रात्रभर झोप लागत नाही, असे तुम्ही सांगितलेत. असा विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. जे जिवापाड प्रिय असते, त्याभोवतीच तो बहुधा घुटमळतो. तो दडपू नका, कारण पहारा ठेवला की विचार अधिकच डोके वर काढतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिअल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या लोकांना तेच पुन्हापुन्हा आठवत राहिले. फेरी टाळणे, "मी तसे करणार नाही ना?" असे घरच्यांना पुन्हापुन्हा विचारणे, ठरावीक वेळा नामजप करणे (भक्तीला माझा विरोध नाही, धास्तीपोटी केलेल्या जपाला आहे) यांनी घटकाभर बरे वाटते, पण भीतीला खतपाणीच मिळते. म्हणून फेरीत चढावे, विचाराला उत्तर न देता त्याला राहू द्यावे आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरावे. मात्र हा सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करावा, आणि त्यासाठी बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत जाण्यास संकोच बाळगू नये. डॉक्टरांनी औषध दिल्यास त्याचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, तेव्हा ते स्वतःहून बंद करू नये. अपरात्री जीव कासावीस झाल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.