कंडक्टरचा खेळ आणि मोठेपणीचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मुलांना घरीच शिकवणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतील पालकांची आहेत. काळजी बहुतांशी एकच आहे: शाळेत निदान सहली, पाहुणे, स्नेहसंमेलने यांतून जगातले कामधंदे मुलांच्या कानावर पडतात, घरात ते कसे पडणार? पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. जूनपासून आम्ही त्याला घरीच शिकवतो. रोज दुपारी तो कंडक्टर होतो. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची तिकिटे, गळ्यात माझी जुनी पर्स, आणि सोफ्यावर प्रवासी. ६ वर्षांच्या बहिणीला तो नेहमी प्रवासीच करतो. व्यवसायांची ओळख करून देणारी चित्रकार्डे मी आणली, तर तीही त्याने पास म्हणून वाटली. सासूबाई विचारतात, "शाळा सोडवून पोराला कंडक्टर करायचंय का?" त्याला इतर व्यवसायांकडे वळवण्यासाठी कोणते उपक्रम घ्यावेत?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : कार्डांचा याहून चांगला उपयोग झाला असता असे मला वाटत नाही. डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप, वैमानिकाच्या डोक्यावर टोपी आणि वकिलाच्या अंगात काळा कोट, एवढेच अशा चित्रांत असते. त्यातून पोशाख कळतो, काम कळत नाही. तुमच्या मुलाने मात्र बसमध्ये बसून एक काम नीट पाहिले आहे आणि तेच तो घरी मांडतो आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी कल्पनाशक्तीविषयी लिहिताना असे दाखवून दिले होते की कल्पना शून्यातून उगवत नाही, अनुभवाचे तुकडे नव्याने जोडून ती उभी राहते. आणि म्हणूनच लहान मुलाची कल्पनाशक्ती मोठ्या माणसापेक्षा समृद्ध असते हा समज खरा नाही, कारण जोडायला त्याच्याजवळ तुकडेच कमी असतात. तेव्हा पालकाने कल्पनाशक्ती शिकवायला जाऊ नये, तिला माल पुरवावा.

खेळ बदलू नका, त्यात अडचणी घाला. एखाद्या दुपारी प्रवासी होऊन सांगा की मागची गाडी वाशीला बंद पडली, आम्हांला तुमच्या गाडीत बसवून दिले आहे आणि तिकीट त्या गाडीचे आहे. आता पुन्हा पैसे घेणार का? पुढच्या वेळी छोट्या तिकिटासाठी ५०० ची नोट काढा. कधी एक टप्पा पुढे जाऊन गुपचूप उतरू पाहा. खेळ संपला की त्याला वेबिल लिहायला बसवा: पहिल्या तिकिटाचा क्रमांक, शेवटच्याचा क्रमांक, मधली किती विकली, त्यांचे पैसे किती व्हायला हवेत आणि पर्समध्ये प्रत्यक्ष किती आहेत. तिकिटाचे यंत्र आले तरी खऱ्या कंडक्टरला रोकड मोजून डेपोत भरावीच लागते. पर्समध्ये १० रुपये कमी आले की वजाबाकीला जे गांभीर्य येते, ते कार्यपुस्तिकेतील उदाहरणांना येत नाही. मग एखाद्या सकाळी तुर्भे किंवा घणसोलीच्या आगाराबाहेर अर्धा तास उभे राहा. गाडी धुणारे, टायर पाहणारे, खिडकीआड बसून वेळा लिहिणारे, अशी एका बसमागची माणसे त्याला दिसतील आणि त्यांतली निम्मी तरी त्याच दुपारी तुमच्या दिवाणखान्यात कामाला लागतील.

धाकटीचा प्रश्न मात्र मी अधिक गंभीर मानते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मुले व्यवसाय निवडण्याच्या कितीतरी आधीपासून ते मनातून खोडत जातात. साधारण ६ ते ८ या वयात "हे मुलींचे काम नाही, ते मुलग्यांचे नाही" म्हणून, तर ९ ते १३ या वयात "हे हलके" किंवा "हे आपल्यासारख्यांना जमणारे नाही" म्हणून. हे खोडणे कोणाला सांगून होत नाही, आणि एकदा खोडलेले सहसा पुन्हा विचारात घेतले जात नाही. माझ्या मते या वयातील साऱ्या उपक्रमांचा हेतू एवढाच असावा की यादी लवकर आखडू नये. त्यामुळे आठवड्यातून काही दिवस गाडी धाकटीची, हा नियम घरात करा. सातारा जिल्ह्यातून आलेल्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत इंजिनचालक झाल्या आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन आल्या, हे तिला आणि तिच्या भावाला, दोघांनाही सांगा.

सासूबाईंना सांगायचे तर ८ व्या वर्षीचे कंडक्टर ९ व्या वर्षी बहुधा आणखी कोणीतरी झालेले असतात. आणि समजा झालाच, तर गर्दीत डोके शांत ठेवणारा आणि हिशेबाला चोख असा माणूस घरात असेल.

प्रश्न : माझी नात ११ वर्षांची आहे. मुलगा आणि सून तिला घरी शिकवतात, मराठी आणि इतिहास माझ्याकडे आहे. "मी सायंटिस्ट होणार," असे ती ठामपणे सांगते; पण सायंटिस्ट दिवसभर काय करतो असे विचारले तर "प्रयोग" यापलीकडे उत्तर नसते. तिला प्रयोगाच्या साहित्याचा महागडा संच घेऊन द्यावा का?
— एक आजोबा, नौपाडा, ठाणे

उत्तर : संच नको, निदान आत्ताच नको. संचातील प्रयोगाचे उत्तर खोक्यावरच छापलेले असते, आणि ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे ते पडताळणे हा शास्त्रज्ञाच्या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. त्यापेक्षा हिवाळ्यानंतर एखादा दिवस काढून तिला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्या. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. बोटीच्या फेऱ्या भरती-ओहोटीवर अवलंबून असतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या.

तेथे गेल्यावर छायाचित्रे काढण्याआधी मोजायला बसा. पाणपक्ष्यांचा मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. त्यासाठी थव्याचा एक कोपरा निवडून त्यातले पक्षी नीट मोजायचे, समजा ते ५० भरले, मग तेवढ्याच आकाराचे किती ठोकळे संपूर्ण थव्यात बसतील ते नजरेने अजमावायचे. तुम्ही आणि नातीने एकमेकांना न सांगता आकडा लिहावा. आकडे जुळणार नाहीत, कदाचित दुपटीचाही फरक पडेल, आणि खरे काम तेथून सुरू होते. ठोकळा दाट भागातला घेतला की विरळ भागातला? मोजत असताना काही पक्षी उडाले का? सूर्य समोर होता का? पुन्हा मोजताना काय बदलायचे? या प्रश्नांवर तुम्ही दोघे घरी येईपर्यंत भांडलात, तर सायंटिस्ट दिवसभर काय करतो ते तिला न सांगता कळेल. पुढे तिला हेही सांगता येईल की पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात हे शोधण्यासाठी १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक त्यांच्या पायांत कडी घालतात आणि काही पक्ष्यांवर जीपीएसची यंत्रेही बसवतात.

खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे मुलांसाठी काय आहे याची चौकशी जरूर करा. तुमच्या इतिहासालाही येथे जागा आहे: ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ ची आहे, आणि खाडी, मिठागरे, बंदर यांविषयी जुन्या पुस्तकांत काय सापडते ते दोघांनी मिळून शोधणे हेही संशोधनच होय.

प्रश्न : होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांना वर्षभरात दाखवता येतील अशा निरनिराळ्या व्यवसायांच्या २५ ठिकाणांची यादी कृपया द्यावी.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : यादी देत नाही, याबद्दल राग नसावा. २५ ठिकाणी एकेकदा गेलेल्या मुलाला २५ दरवाजे आठवतात. त्यापेक्षा तुमच्या जवळच्या वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, म्हणजे लोक ज्याला नुसते एपीएमसी म्हणतात तेथे, चार-पाच वेळा जा. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटे, आणि प्रत्येकात अडते, खरेदीदार, माथाडी, तोलणारे, टेम्पोवाले, हिशेब लिहिणारे, झाडूवाले, चहावाले. भाजीच्या गाड्या रात्रीच येतात, तेव्हा उजाडायच्या सुमारास पोहोचाल तर व्यवहाराची शेवटची लगबग तरी दिसेल. मुलाने एका फेरीत एकाच माणसाशी बोलावे, आणि तेही त्याची कामाची घाई संपल्यावर. "तुमचे काम काय?" हा प्रश्न निरुपयोगी आहे; "आज आल्या आल्या पहिल्यांदा काय केलेत?", "कामात सर्वांत जास्त काय बिघडते?" आणि "हे कोणाकडून शिकलात?" या तीन प्रश्नांवर माणसे मनापासून बोलतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काढावेत असे सुचवले आहे. तुमच्या मुलाला तर सारे वर्ष मोकळे आहे.

प्रश्न : आम्ही दिवा कोळीवाड्यातले. मी महाप्याला आयटी कंपनीत आहे, वडील अजून होडी घेऊन खाडीत जातात. १० वर्षांचा मुलगा घरीच शिकतो आणि "मी आजोबांसारखा होणार" म्हणतो. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिलेली नाही. मी शिकून त्यातून बाहेर पडलो, त्याने परत जावे असे मला वाटत नाही. पण त्याचे मनही मोडवत नाही.
— एक वडील, ऐरोली

उत्तर : तुमची काळजी खरी आहे, आणि खाडीची अवस्था मुलापासून लपवण्याचे कारण नाही. सांडपाणी, भराव आणि कमी झालेली मासळी याविषयी आजोबाच त्याच्याशी सर्वांत नेमके बोलू शकतील. पण वर कोपरखैरण्याच्या पत्राला उत्तर देताना ज्या खोडण्याचा उल्लेख केला, त्याचे दुसरे वय तुमच्या मुलाचे नुकतेच सुरू झाले आहे. कोणते काम वरचे आणि कोणते खालचे हे त्याने अजून ठरवलेले नाही. ते तो घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ठरवील.

आजोबांजवळ काय आहे ते पाहा. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे: चतुर्थीला चार पाऊणे तीन (चारची पाऊणपट तीन), म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला आठ पाऊणे सहा. पाऊणकीचा पाढा आता शाळेतून गेला असला तरी येथे तो कामाचा आहे. मुलाला जेट्टीच्या पायऱ्यांवर आजोबांच्या सोबतीने, दर अर्ध्या तासाला पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले ते वहीत टिपू द्या, आणि महिनाभर तिथीसह वेळा लिहू द्या. भरती दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, पाऊणकी मात्र ४५ मिनिटे धरते. शिवाय खाडीत आत पाणी चढायला समुद्रकिनाऱ्यापेक्षा अधिक वेळ लागतो. आजोबांचे गणित आणि छापील भरतीचे कोष्टक यांत फरक का पडतो हे त्याला स्वतःच्या नोंदींतून सापडले, तर ते कोणी सांगण्याहून बरे. होडीत न्यायचे तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि पावसाळ्यात मुळीच नाही.

हे सारे शिकलेल्या मुलापुढे मासेमारी हा एकच रस्ता उरतो असे नाही. न्हावा-शेवा बंदरात जहाजे आत आणणारे पायलट, समुद्रतळाची मोजणी करणारे हायड्रोग्राफर, कांदळवनांवर काम करणारे वनअधिकारी आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधक, ही सारी पाण्याचीच माणसे आहेत. त्याने अमुक व्हावे म्हणून ही नावे घेऊ नका. बोलता बोलता येऊ द्या.

आणखी एक सुचवते. आजोबांचे काम त्याला दिसते, तुमचे दिसत नाही. तुम्ही लॅपटॉपसमोर बसलेले असता आणि मीटिंग चालू असताना त्याने गप्प राहायचे असते, एवढेच तुमच्या व्यवसायाचे चित्र त्याच्याजवळ आहे. एखाद्या रविवारी त्याला शेजारी बसवून आठवड्यात काय बिघडले होते, ते कोणाच्या लक्षात आले, तुम्ही आधी काय करून पाहिले आणि ते का चालले नाही, हे आजोबा जाळ्याची गाठ दाखवतात तसे हळूहळू दाखवा.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची असून पूर्णपणे घरी शिकते. हे सारे उपक्रम ठीक, पण दहावीचे काय? आणि हे कायद्याला धरून आहे का?
— एक आई, कळवा

उत्तर : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ या वयोगटासाठी आहे. त्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी तरतूद नाही आणि घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी शिक्षाही सांगितलेली नाही. दहावीसाठी दोन वाटा प्रचलित आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म. तो परीक्षेच्या बरेच महिने आधी भरावा लागतो, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलांसाठी लागणारी कागदपत्रे आधी मंडळाकडून लेखी समजून घ्यावीत. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तेथे दहावीच्या प्रवेशासाठी १४ वर्षे पूर्ण लागतात, मराठी माध्यम उपलब्ध आहे, एकदा नोंदणी केली की ५ वर्षांत ९ संधी मिळतात आणि विषय निवडता येतात. चित्रकला किंवा गृहविज्ञान यांसारखे विषयही त्यांत आहेत, त्यामुळे मुलीने पुढच्या दोन वर्षांत जे करून पाहिले असेल त्याचा विषयांच्या निवडीत उपयोग होईल. तिची जन्मतारीख आणि एनआयओएसच्या प्रवेशाची वयाची अट आत्ताच पडताळून ठेवा, म्हणजे ऐन वेळी वर्ष वाया जाणार नाही.